आमचे तळे आणि मातीचा बांध: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगररांगेत आमची शेती आहे. बहात्तरच्या दुष्काळानंतर, १९७३ च्या उन्हाळ्यात आजोबांनी दोन टेकड्यांच्या बेचक्यात मातीचा बांध घातला. त्यामागे साठणाऱ्या तळ्यावर आज आमच्या चार घरांची रब्बी निघते. तळे सरकारी नाही, कुठल्या योजनेतले नाही. त्यामुळे त्याचे पाणी जसे आमचे, तशी त्याची काळजी आणि भीतीही आमचीच. पाहायला येणारे शेतकरी, कृषी महाविद्यालयाची मुले आणि खालच्या वस्तीवरची माणसे तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरे एकदा नीट लिहून ठेवली. आम्ही इंजिनिअर नाही. पन्नास वर्षे बांधाशेजारी राहून जे कळले आणि जाणकारांनी जे शिकवले, तेवढेच इथे आहे.

हे शेततळेच ना?

नाही. शेततळे खोदतात आणि पाणी जमिनीच्या पातळीखाली राहते. आमच्याकडे ओघळीला आडवा बांध आहे आणि पाणी त्या बांधाला टेकून, खालच्या शेतांपेक्षा उंचावर उभे असते. हा फरक फार मोठा आहे. शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद फाटला तर पाणी जमिनीत मुरते. बांध फुटला तर तेच पाणी एका दमात खालच्या माणसांच्या दारात जाते.

मापे सांगतो. बांधाची लांबी १४० मीटर, सर्वांत खोल जागी उंची साडेसहा मीटर, माथा ३ मीटर रुंद. तळे भरले की बांधाशी ५ मीटर पाणी असते आणि पसारा साधारण १.६ हेक्टर, म्हणजे चार एकर. साठा काढायची सोपी रीत अशी: पसारा गुणिले सर्वांत जास्त खोली गुणिले ०.४. त्या हिशेबाने आमच्याकडे ३२ हजार घनमीटर, म्हणजे ३ कोटी २० लाख लिटर पाणी मावते. आकडा ऐकून लोक खूश होतात. मला पावसाळ्यात त्या आकड्याने झोप येत नाही.

मातीचा बांध पाण्यात विरघळत कसा नाही?

बांध एकाच मातीचा नसतो. पोटात चिकण काळ्या मातीचा गाभा, दोन्ही अंगांनी मुरमाचे आवरण, पाण्याच्या बाजूला दगडी पिचिंग (लाटांनी माती झिजू नये म्हणून रचलेले दगड) आणि मागच्या पायथ्याशी दगडांचा थर. गाभा नुसता जमिनीवर ठेवलेला नसतो. खाली कठीण मुरूम लागेपर्यंत चर खणून तो काळ्या मातीने ठासून भरतात. आमचा चर दोन ते अडीच मीटर खोल आहे. तो नसता तर पाणी बांधाखालून निघून गेले असते.

बांधातून पाणी अजिबात जात नाही असे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. पाणी जातेच, बांध फक्त त्याला दमवतो. म्हणून तो बुडाशी इतका रुंद लागतो. आतला उतार अडीचास एक (मीटरभर उंचीला अडीच मीटर पसारा) आणि बाहेरचा दोनास एक धरला, तर साडेसहा मीटर उंचीच्या बांधाचा पाया ३२ मीटर रुंद होतो. तेवढी वाट काढताना पाण्याचा जोर सरतो आणि मागे ते नितळ, संथ झिरपते. अडचण तेव्हा येते, जेव्हा त्याला जवळची वाट सापडते. पाइपाची कड, मेलेल्या मुळाची पोकळी, घुशीचे बीळ, नीट न दबलेला एखादा थर. या पानावरच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे त्या जवळच्या वाटेपाशीच येतात.

यंत्रे नसताना १९७३ साली तो बांधला कसा?

केणीने, म्हणजे माती ओढायच्या बैलांच्या अवजाराने, माती ओढली. दुष्काळ होता, गावात हातांना काम हवे होते. वीतभर जाडीचा थर टाकायचा, त्यावर पाणी शिंपडायचे, मग भरलेल्या गाड्या आणि गुरे त्यावरून फिरवायची आणि मगच पुढचा थर. पाणी मैलभरावरून बैलगाडीच्या टाकीने आणले. प्यायला पाणी नव्हते त्या वर्षी मातीवर पाणी शिंपडतो म्हणून आजोबांनी लोकांची बोलणी खाल्ली. पण कोरडी माती दबत नाही हे त्यांना पक्के ठाऊक होते.

ओल किती हवी ते ते मुठीने ठरवत. माती मुठीत दाबली की लाडू वळला पाहिजे आणि तळहात ओला होता कामा नये. लाडू कंबरेच्या उंचीवरून टाकला तर दोन-चार तुकडे व्हावेत. पीठ झाले तर माती कोरडी, चपटा झाला तर जास्त ओली. पुढे एका निवृत्त अभियंत्यांनी प्रयोगशाळेतली चाचणी समजावून सांगितली तेव्हा कळले की आजोबांची मूठ त्याच ओलीचा अंदाज घेत होती.

आम्हाला आज असा बांध घालायचा आहे. पोकलेनने चार दिवसांत होईल का?

ढीग चार दिवसांत होईल. बांध व्हायला वेळ लागतो. आजकाल सर्रास दिसणारी चूक हीच: पोकलेन माती उचलून ओतते, वरून बादलीने थोपटते आणि काम झाले म्हणतात. वरून चोपडे दिसते, आत भुसभुशीत राहते. पहिल्याच भरतीला माती बसते, माथा मध्येच खचतो आणि पाणी नेमके तिथून वाहते. थर १५ ते २० सेंटिमीटरचा, ओल मुठीत तपासलेली आणि प्रत्येक थरावर रोलर, यात तडजोड नको. तरीही माती पुढे बसतेच, म्हणून मधल्या उंच भागाला पाच-दहा टक्के जास्तीची उंची देऊन ठेवतात.

मातीची एक परीक्षा घरी करता येते. वाळलेल्या मातीचे बोराएवढे ढेकूळ काचेच्या पेल्यातल्या नितळ पाण्यात अलगद सोडा आणि न हलवता पाहत बसा. ढेकूळ बसकण मारून ढासळले पण पाणी स्वच्छ राहिले, तर पुढे जायला हरकत नाही. ढेकळाभोवती दुधाळ ढग पसरू लागला आणि तासाभराने सगळा पेला गढूळ झाला, तर ती माती पाण्यात आपोआप सुटते. चोपण, म्हणजे क्षारांनी बिघडलेल्या जमिनीत अशी माती मिळते. ती गाभ्याला घालू नका. अशा मातीचा बांध बाहेरून धडधाकट दिसतो आणि आतून पोखरत जातो. पेल्यात पाणी स्वच्छ राहिले तरी प्रयोगशाळेचा अहवाल घ्याच, आणि नकाशा जाणत्या अभियंत्याकडून काढून घ्या. त्याची फी बांधाच्या खर्चापुढे काहीच नाही.

तुमच्या बांधाला खालून पाइप का नाही? पाणी बाहेर कसे काढता?

पूर्वी होता. बांधातून आरपार गेलेला सिमेंटचा पाइप आणि आत त्याचे झाकण. १९९८ च्या ऑक्टोबरात काकू पाटावर धुणे धूत होत्या. आठ दिवस पाऊस नव्हता, झाकण बंद होते, तरी पाटात चहासारखे गढूळ पाणी येत होते. त्यांनी घरी येऊन एवढेच सांगितले, "पाणी मातकट येतंय." थोरले काका जेवणाच्या ताटावरून उठले. पाइपाच्या सांध्यातून आणि बाहेरच्या कडेने पाणी बांधाची माती आतल्या आत वाहून नेत होते. माथ्यावर, बरोबर पाइपाच्या रेषेत, ताटाएवढा खळगा पडला होता.

झाकण उघडून आणि तीन डिझेल इंजिने लावून तळे उपसले. त्या वर्षी रब्बी गेली. उन्हाळ्यात बांध पाइपाच्या रेषेत पसरट उताराने उकलला, पाइप काढला आणि जुन्या-नव्या मातीत सांधा राहू नये म्हणून पायऱ्या करत थराथराने पुन्हा भरला. आता बांधावरून दोन सायफन आहेत, म्हणजे पाणी वर चढवून पलीकडे आपोआप उतरवणारे नळ, जाड प्लास्टिकच्या (एचडीपीई) पाइपाचे. छोट्या पंपाने एकदा भरून दिले की चालू होतात. तळातले शेवटचे मीटरभर पाणी ते उचलत नाहीत. ते गुरांना आणि माशांना राहते. तळे झटपट रिकामे करणे त्यांनी जमत नाही, हा तोटा आम्ही पत्करला आहे.

बांधातून जाणारा पाइप ही नेहमीच नाजूक जागा असते, कारण पाइपाच्या बुडाशी माती दाबायला रोलर पोचत नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे मातीचे धरण फुटले, तिथेही विमोचकाचे (धरणातून पाणी सोडायच्या वाटेचे) काम अपुरे होते आणि त्याच्या वरचा भराव खचला होता. तुमच्याकडे पाइप असेलच तर बाहेरच्या टोकाभोवती वाळूचा गाळणथर अभियंत्याकडून करून घ्या, आणि त्या तोंडाशी येणाऱ्या पाण्याचा रंग पाहायची सवय घरातल्या प्रत्येकाला लावा. आमचा बांध काकूंच्या नजरेने वाचला.

एवढ्याशा ओघळीला १२ मीटर रुंद सांडवा कशासाठी?

ओघळ वर्षातले अकरा महिने कोरडी असते, म्हणून हा प्रश्न पडतो. सांडवा, म्हणजे तळे भरल्यावर जास्तीचे पाणी निघून जायची वाट, एका रात्रीसाठी असतो.

वरचे पाणलोट ६० हेक्टर आहे. ढगफुटीसारखा, तासाला १०० मिलिमीटर वेगाने पाऊस पडला आणि निम्मे पाणी धावून आले, तर सेकंदाला साधारण ८.३ घनमीटर पाणी तळ्यात येते. १२ मीटर रुंदीच्या सांडव्यावरून ६० सेंटिमीटर उंचीने पाणी वाहिले, तर सेकंदाला साडेनऊ घनमीटर निघून जाते. भरलेल्या पातळीपासून बांधाचा माथा दीड मीटर वर आहे. म्हणजे त्या वेळीही माथा ९० सेंटिमीटर कोरडा राहतो, आणि लाटांना व माती बसण्याला तेवढी जागा हवीच. याहून कमी सोडू नका.

दगडी बंधाऱ्यावरून पाणी वाहिले तर बंधारा टिकतो. मातीच्या बांधावरून वाहिले तर मागचा उतार कापत कापत पाणी माथ्यापर्यंत येते आणि सगळे उघडते. गुजरातेत मोरबीला ११ ऑगस्ट १९७९ रोजी मच्छू-२ धरणाचे मातीचे बांध असेच वरून पाणी जाऊन वाहून गेले.

सांडवा शक्यतो बांधात काढू नका. तो बाजूच्या टेकडीत, मूळ कठीण जमिनीत कोरून काढावा आणि त्याचे पाणी बांधाच्या पायथ्यापासून दूर ओढ्यात पोचवावे.

मासे वाहून जातात. सांडव्याला जाळी का लावत नाही?

दरवर्षी मत्स्यबीज सोडणारे भाऊ हे विचारतात, आणि दरवर्षी आम्ही नाही म्हणतो. जाळीत आधी गवत अडकते, मग बेशरमीच्या फांद्या, मग एखादे वाहून आलेले झुडूप. तासाभरात सांडव्याची भिंत होते, आणि ती नेमकी मोठ्या पुरातच होते.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात साऊथ फोर्क नावाचे मातीचे धरण होते, एका श्रीमंतांच्या क्लबच्या मालकीचे. तळ्यातले मासे जाऊ नयेत म्हणून सांडव्यात जाळ्या बसवल्या होत्या. बग्गी जावी म्हणून माथा थोडा खाली घेतला होता. तळाचे सोडपाइप आधीच्या मालकाने काढून विकले होते, ते पुन्हा बसवलेच नव्हते. ३१ मे १८८९ ला मुसळधार पावसात जाळ्या कचऱ्याने तुंबल्या, पाणी माथ्यावरून गेले आणि धरण फुटले. खालच्या जॉन्सटाऊन शहरासह खोऱ्यात २,२०९ माणसे मेली. त्यातली एकेक गोष्ट पाहिली तर आपल्याकडच्या कुठल्याही तळ्याच्या मालकाला सहज सुचेल अशीच आहे.

मासे वाचवायचे तर सांडव्यापासून दूर, आत तळ्यात पिंजरे लावा. थोडे मासे गेले तर जाऊ द्या.

पावसाळा संपताना सांडव्यावर वाळूची पोती रचून फूटभर पाणी वाढवले तर काय बिघडते?

मोह खरा आहे, हिशेब करूनच सांगतो. ३० सेंटिमीटर जास्त पाणी म्हणजे १.६ हेक्टर पसाऱ्यावर ४,८०० घनमीटर. एका पाळीला हेक्टरी ७०० घनमीटर धरले तर सतरा एकर हरभऱ्याचे एक पाणी. कोरड्या सालात सतरा एकरांचे एक पाणी म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगायला नको.

पण पोती रचली की सांडव्याची वाट तेवढी अरुंद होते, आणि परतीचा पाऊस आपल्याकडे ऑक्टोबरातही झोडपतो. पोती काढायला त्या रात्री, त्या पाण्यात कुणी उतरू शकत नाही. हवाईच्या काउआई बेटावर का लोको नावाचे खासगी तळे आहे. १८९० साली उसाच्या पाण्यासाठी बांधलेला मातीचा बांध. सतत पडलेल्या पावसानंतर १४ मार्च २००६ ला पहाटे तो फुटला आणि खाली झोपलेली सात माणसे वाहून गेली. सांडवा मातीने बुजवला गेला असावा, असे चौकशीत पुढे आले. पुढे मालकाला शिक्षाही झाली. सिंचनाचे, खासगी, मातीचे तळे, म्हणजे थेट आमच्यासारखेच. त्यामुळे ही गोष्ट आमच्या घरात मुलांनाही ठाऊक आहे.

पाणी वाढवायचेच असेल तर गाळ काढा.

मग गाळ कसा काढता? कुणाला देता?

खालच्या शेतकऱ्यांना फुकट देतो, नेण्याचा खर्च त्यांचा. २०१७ पासून सरकारची 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आल्यावर लोकांना गाळाची किंमत कळली. नियम दोनच आहेत. बांधाच्या आतल्या पायथ्यापासून १५ मीटरपर्यंत मशीन येणार नाही. आणि पांढरा मुरूम दिसू लागला की खोदणे थांबवायचे. तळाचा गाळ हा तळ्याचा सारवलेला तळ असतो. तो खरवडला की तळे गळू लागते आणि बांधाखाली पाण्याला नवी वाट मिळते. ट्रॅक्टरवाल्यांना जवळचाच गाळ हवा असतो, फेरी लवकर होते म्हणून. त्यामुळे उन्हाळ्यात कुणीतरी खुर्ची टाकून तिथे बसावेच लागते.

बांधामागे ओल दिसते, पाणी झिरपते. बांध फुटणार का?

घाबरण्याआधी रंग पाहा. झिरपलेले सगळे पाणी मागच्या पायथ्याशी एका चरात गोळा करून आम्ही व्ही-नॉचच्या (इंग्रजी व्ही आकाराची खाच कापलेल्या) पत्र्यावरून सोडतो. दर रविवारी त्याखाली १५ लिटरची बादली धरायची, घड्याळ लावायचे आणि वहीत तारीख, तळ्याची पातळी, बादली भरायचे सेकंद लिहायचे. तळे भरलेले असताना आमची बादली ४० सेकंदांत भरते, म्हणजे दिवसाला ३२ हजार लिटर. ते पाणी वाया जात नाही, खालच्या विहिरीला मिळते. त्यातले थोडे पाणी पांढऱ्या बशीत घेऊन दहा मिनिटे ठेवायचे. बशीच्या तळाशी मातीचा कण बसला नाही तर चांगले.

काळजी कधी करायची? पातळी तीच असताना सेकंद झपाट्याने कमी झाले तर. पाणी गढूळ आले तर. कोरड्या जागी नवा झरा फुटला तर, किंवा पायथ्याशी उकळल्यासारखी वाळू वर येऊन तिच्याभोवती छोटे आळे झाले तर. झरा अचानक बंद झाला तरी सावध व्हा, आत काही ढासळले असू शकते. अशा वेळी झऱ्याच्या तोंडावर चिकण माती थापून तो बुजवू नका, पाणी दुसरीकडून जोराने फुटेल. त्यावर आधी वाळू, मग खडी, मग दगड टाका, म्हणजे पाणी बाहेर येईल आणि माती आत राहील. लगेच तळ्याची पातळी उतरवा आणि जाणत्याला बोलवा.

बांधावर सावलीला एक झाड तरी ठेवायचे!

हे ऐकून आम्हालाही वाईट वाटते. माथ्यावर उंबर होता, आजी त्याखाली बसायची. पण उंबर, पिंपळ, बाभूळ, कडुनिंब यांची मुळे पाण्याच्या शोधात थेट गाभ्यात जातात. झाड मेले की मूळ कुजते आणि त्या जागी तयार नळी राहते. मोठे झाड नुसते बुंध्याशी कापणे तर त्याहून वाईट, मुळे आतच राहतात. आम्ही उंबर तळे कोरडे असताना मुळांसकट काढला आणि खड्डा थराथराने दाबून भरला. आता नियम असा: मनगटाएवढे होण्याआधी रोप उपटायचे. मागच्या उतारावर हरळी आणि पाणी जिथे ओघळते तिथे वाळा. गवत कापून आखूड ठेवतो, कारण उंच गवतात बीळ दिसत नाही.

खेकड्यांनी धरण फुटते का?

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले, वीसच्या आसपास माणसे गेली. खेकड्यांनी धरण पोखरले असे विधान तेव्हा गाजले आणि तेव्हापासून हा प्रश्न येतो. खेकडे आणि घुशी बिळे करतात हे खरे. आम्ही दर महिन्याला बिळे शोधतो, खणून काढतो आणि ओली माती ठासून भरतो. पण बीळ एका रात्रीत बांध पाडत नाही. ते महिनोन् महिने दिसत असते, गळती दिसत असते आणि लोक सांगत असतात. बांधाजवळ राहणारा माणूस गळतीची तक्रार घेऊन आला तर त्याचे ऐकून त्याच दिवशी पाहायला जाणे, हे मालकाचे काम आहे, मग मालक कुणीही असो.

उन्हाळ्यात माथ्याला भेगा पडतात, त्याचे काय?

काळी माती वाळली की भेगाळतेच. म्हणून माथ्यावर वीतभर मुरूम ठेवतो. बांधाच्या लांबीला समांतर बारीक भेग असेल तर मातीने भरून लक्ष ठेवा. आडवी, तळ्याकडून मागे जाणारी भेग गंभीर समजा. ती पाण्याची तयार वाट आहे, पाऊस पडण्याआधी खणून बुडापर्यंत जा. आणि भरलेले तळे दोन-चार दिवसांत उपसू नका. आतला उतार पाण्याने जड झालेला असतो, समोरचा आधार गेला की घसरतो. (१९९८ साली आमच्याकडे एवढा धीर धरायला वेळ नव्हता. आतला उतार दहा मीटर लांबीत घसरलाच.)

तळे किती दिवस पुरते?

ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत. आपल्या भागात उघड्या पाण्यातून वर्षाला दीड ते दोन मीटर पाणी उडून जाते. हिवाळ्यातही दिवसाला ५ मिलिमीटर धरले तर भरलेल्या तळ्यातून रोज ८० घनमीटर जाते. उन्हाळ्यासाठी राखून ठेवलेले पाणी सूर्यच पितो. म्हणून आम्ही ज्वारी-हरभऱ्याला वेळेवर दोन-तीन पाळ्या देतो आणि पाणी पिकात घालून मोकळे होतो. ऊस या तळ्यावर लावायचा नाही, असे आजोबांचे शब्द आहेत आणि चारही घरे ते पाळतात.

परवानगी लागते का? ओघळ आमच्याच शेतातून जाते.

ओढा तुमच्या शेतातून वाहतो म्हणून तुमचा होत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे कुणाच्या खासगी मालकीचे नसलेले नदी-नाले, तलाव सरकारचे असतात. ठरलेल्या पात्रातून न वाहणारे, आपल्या शेतात पसरणारे पावसाचे पाणी अडवण्याचा हक्क १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातून मिळतो. पात्रातल्या पाण्यावर खालच्यांचाही हक्क असतो. म्हणून बांध घालण्याआधी तलाठी, तहसील आणि जलसंधारण विभागाकडे जा, लेखी घ्या. तुमच्या बांधाने शेजाऱ्याच्या पाण्याची नैसर्गिक वाट अडली तर तो मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदारांकडे दाद मागू शकतो.

धरण सुरक्षा कायदा, २०२१ खासगी धरणांनाही लागू आहे, पण १५ मीटरपेक्षा उंच, किंवा १० ते १५ मीटर उंचीच्या आणि काही अटींत बसणाऱ्या धरणांना. आमचा साडेसहा मीटरचा बांध त्यात येत नाही, म्हणजे आमच्याकडे तपासणीला कुणी येत नाही. ते काम आमच्यावरच पडते.

बांध फुटून नुकसान झाले तर भरपाई कुणी द्यायची?

ज्याचा बांध त्याने, असे धरून चाला. इंग्लंडात एका गिरणीमालकाने बांधलेल्या तळ्याचे पाणी १८६० साली शेजारच्या खाणीत शिरले. रायलंड्स विरुद्ध फ्लेचर या खटल्यात १८६८ साली ठरले की, जो स्वतःसाठी धोक्याची वस्तू जमिनीवर आणून साठवतो, ती सुटून नुकसान झाले तर तो जबाबदार, त्याची चूक असो वा नसो. आपल्याकडे १८७४ साली मद्रास रेल्वे कंपनी आणि कार्वेटिनगरच्या जमीनदाराचा खटला प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे इंग्रजी अमलातल्या सर्वांत वरच्या अपील न्यायालयापुढे गेला. अतिवृष्टीत तळी फुटून रेल्वेमार्ग वाहून गेला होता. तिथे जमीनदार सुटला, कारण ती तळी पूर्वापार लोकांच्या शेतीसाठी होती, ती सांभाळणे हे त्याचे कर्तव्यच होते आणि हलगर्जी दिसली नाही. आमचे तळे आमच्या स्वतःच्या पिकासाठी आहे, त्यामुळे आम्ही स्वतःला त्या जमीनदाराच्या जागी धरत नाही. पण हलगर्जीचा प्रश्न आला तर दाखवायला १९९८ पासूनची दर रविवारची वही आहे.

चार घरांत भांडणे होत नाहीत का?

होतात, पण पाण्यावरून कमी आणि कामावरून जास्त. वाटणीत जमीन वेगळी झाली, बांध सामाईक राहिला. ज्याची पाळी त्याचे पाणी हे सोपे आहे. गवत कुणी कापायचे, मुरूम कुणी आणायचा, हे अवघड. आम्ही लेखी ठरवले आहे: पाण्याचा वाटा जेवढा, खर्चाचा वाटा तेवढा, आणि मे महिन्यातले काम झाल्याशिवाय ऑक्टोबरात सायफन चालू होत नाही.

पूर्व विदर्भातल्या मालगुजारी (गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांच्या) तलावांची गोष्ट इथे सांगावीशी वाटते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली भागात धानासाठी असे हजारो मातीचे तलाव बांधले गेले, त्यात कोहळी समाजाचा हात मोठा. नवेगावबांधचे विस्तीर्ण तळे अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधले असे सांगतात. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले. मालगुजाराची सत्ता गेली ते बरेच झाले. पण पावसाळ्याआधी तलावाच्या पाळीवर (बांधावर) माती टाकायला गाव मिळून जायचे, ती रीतही बऱ्याच ठिकाणी त्याच्याबरोबर गेली आणि तलाव गाळाने भरले. आमची वाटणी झाली तेव्हा काकांनी हेच उदाहरण देऊन कागद लिहून घेतला होता.

मुलांना घेऊन पोहायला येऊ का?

नाही. तळाशी मांडीभर गाळ आहे, पाय रुतला की निघत नाही. काठावर दोर आणि हवा भरलेल्या ट्यूब बांधलेल्या आहेत, त्या फक्त अपघातासाठी. तुमच्याकडे प्लास्टिक कागदाचे शेततळे असेल तर आधी त्याला गाठी मारलेला दोर सोडा. त्या निसरड्या कागदावरून पट्टीचा पोहणाराही वर येऊ शकत नाही.

मोठ्या पावसाच्या रात्री तुम्ही काय करता?

सांडव्याच्या कडेला रंगाने खुणा केलेला खांब आहे. ३० सेंटिमीटरच्या खुणेला पाणी आले की एक माणूस बॅटरी घेऊन तिथेच थांबतो, लांब बांबूच्या आकड्याने अडकलेला कचरा काठावरूनच ओढतो. दोन्ही सायफन चालू करतो. ६० ला आले की खालच्या वस्तीवरच्या अकरा घरांना फोन जातो, मग तलाठी आणि पोलीस पाटलांना. फोन लागला नाही तर मोटारसायकल वरच्या रस्त्याने जाते, ओढ्यातून नाही. घरे शाळेकडे जातात. आजवर दोनदा असे झाले. दोन्ही वेळा काही झाले नाही, सकाळी लोक चिडून परत गेले. तिसऱ्या वेळीही उठवू, हे त्यांना सांगून ठेवले आहे.

बांध फुटेल या भीतीने तो मध्येच फोडून पाणी सोडायचे, असे कधी करू नका. मातीत पाडलेली फट कुणाच्याच ताब्यात राहत नाही.

तळे पाहायला कधी यावे?

ऑगस्टच्या शेवटी या, तळे भरलेले असते. पायात बूट घाला, गवतात साप असतात. लोक आले की आधी पाण्याकडे धावतात. आम्ही मागच्या पायथ्यापासून सुरुवात करतो. तिथे पत्र्यावरून पाणी पडत असते, शेजारी दगडावर बादली आणि पांढरी बशी ठेवलेली असते. रविवारी आलात तर सेकंद तुम्हीच मोजा, वहीत लिहून देतो.